पाल्मिरा बँडमधलं पातेलं

कोलोनजवळच्या केर्पेनच्या सभागृहामागे बस थांबली तेव्हा दुपारचं जेवणही कुणाचं धड झालं नव्हतं, आणि आत बायका बाकांवर चढून नाचायला लागल्या होत्या. कार्निव्हलचा मोसम, त्यात ही खास बायकांची बैठक. नवऱ्यांना घरी बसवून, मधमाश्या, परिचारिका आणि समुद्री चाच्यांची सोंगं काढून शेकडो बायका सकाळपासून बिअर पीत बसलेल्या. अशा बायकांपुढे जाऊन उभं राहायला धीर लागतो. लिस्ट्रा जोफील्डला आता त्याची इतकी सवय झाली होती, की धीर शिल्लक आहे की संपला, हे तिनं पाहणंच सोडून दिलं होतं.

तिनं खिडकीला टेकलेलं डोकं उचललं. मान आखडली होती. समोर ऑर्टविन आरशात बघून गवताची टोपी चढवत होता. ऑर्टविन केसेनिश, पाल्मिरा बँडचा मालक, गायक, आणि पोटावर न बसणाऱ्या पोपटी शर्टाचा धनी. मागच्या बाकांवर बाकीचे चौघे म्हातारे गुडघ्यांना मलम चोळत होते.

"उतरा रे," ऑर्टविन म्हणाला. "आज तीनच बैठका आहेत. मजा आहे आपली."

"तीनदा मरायचं म्हणजे मजाच," लिस्ट्रा म्हणाली.

तिनं तिचं वाद्य उचललं. तेलाच्या पिंपाचा तळ हातोडीनं ठोकून, त्यात एकेका सुराचा खळगा पाडून हे वाद्य करतात. तिच्या बेटावर, त्रिनिदादला, त्याला पॅन म्हणतात. ऑर्टविन पहिल्या दिवसापासून त्याला पातेलं म्हणत आला. सुरुवातीला ती चिडायची, मग हसायची, आणि आता तीही पातेलंच म्हणायची. माणूस दमला की असाच एकेक शब्द सोडत जातो.

मंचामागच्या खोलीत गरम मसुराचं सूप ठेवलेलं होतं. साउंड सांभाळणारा वेंडेलीन नेहमीसारखा पहिली वाटी तिच्यापुढे ठेवून मुकाट्यानं आपल्या तारांकडे निघून गेला. ती सूप न पिता पातेल्यावर वाकली. रबराच्या टोकाची काठी घेऊन तिनं मधल्या भागातले दोन छोटे खळगे वाजवले.

"ऑर्टविन, हे ऐक."

"छान वाजतंय."

"छान कसलं! दोन्ही सूर चढलेत. गेल्या हिवाळ्यापासून सांगतेय मी. बसमधल्या थंडीनं पत्रा ओढला गेलाय. हॉलंडमधल्या त्या सूर जुळवणाऱ्या माणसाकडे एकदा नेऊ या."

"लिस्ट्रा, मी समोर उभा असतो ना, हॉलमध्ये सगळं झक्क ऐकू येतं. कुणी आजवर तक्रार केली? तुझ्या कानांना झालंय काहीतरी. आयुष्यभर स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? माझा डावा गेला, तुझे दोन्ही जायला आलेत."

एरवी ती यावर चार शब्द सुनावती. आज गप्प बसली, कारण कालचा फोन तिच्या डोक्यातून जात नव्हता.

काल संध्याकाळी तिच्या मोठ्या भावाचा फोन आला होता. कार्लाइल त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँट भागात पॅन लावतो. लावतो म्हणजे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्यातले सूर जुळवतो. कार्निव्हल जवळ आला की त्यांच्या गल्लीतल्या वाद्यवृंदाचे शंभरेक पॅन त्याच्या हाताखालून जातात. बाप गेल्यापासून हे काम त्याचं. तो फोनवर कधी मिनिटभराहून जास्त बोलत नसे, पण काल बराच वेळ नुसता खाकरत राहिला.

"काय झालंय?" तिनं विचारलं होतं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. माझे कान गेले."

"म्हणजे?"

"खालचे सूर येतात ऐकू. मधलेही येतात. वरच्यांचा नुसता ठोका येतो, सूर येत नाही. गेल्या वर्षी अंदाजानं लावले. आमची पोरं स्पर्धेत हरली ती माझ्यामुळे. अजून कळलेलं नाही कुणाला."

"डॉक्टर?"

"डॉक्टर काय, नवीन कान देणार आहे? तू ये. महिनाभर ये. तू बाजूला बसायचं आणि सांगायचं, वर की खाली. दुसऱ्या कुणाला बसवलं तर उद्या सगळ्या बेलमाँटला कळेल. हा शेवटचा कार्निव्हल, मग हातोडी ठेवतो खाली. एवढा एक अब्रूनं निघू दे."

लिस्ट्रानं डोळे मिटले होते. या भावानंच तिला मांडीवर बसवून पहिला सूर वाजवायला शिकवलं होतं.

"कार्लाइल, याच दिवसांत कशी येऊ मी?"

"याच दिवसांत कधीच येत नाहीस तू."

ते खरंच होतं. त्रिनिदादचा कार्निव्हल आणि ऱ्हाईनकाठचा कार्निव्हल एकाच सोमवारी येतो. कार्निव्हल संपवणारा राखेचा बुधवार दोघांना एकच वाटून दिलेला आहे, आणि त्याआधीचे दीड-दोन महिने इकडे बैठका आणि तिकडे तालमी. नाताळात ती जायची, भर उन्हाळ्यातही एकदोनदा गेली. कार्निव्हलला मात्र इथे आल्यापासून एकदाही नाही. आई गेली तीही अशाच एका जानेवारीत. तेव्हा ऑर्टविननं तिचे दोन्ही हात हातात धरले होते आणि रडवेल्या आवाजात म्हणाला होता, "बाकी सगळं टेपवर आहे गं. जिवंत काय आहे, तर माझा गळा आणि तुझं पातेलं. तू नसलीस तर लोकांना काय ऐकवू मी?" ती थांबली. आईला मातीत ठेवलं तेव्हा ती ब्र्यूलमधल्या एका हॉलमध्ये केशरी झगा घालून वाजवत होती.

"शिवाय माझ्या कानांचा तुला काही उपयोग नाही," काल ती भावाला म्हणाली होती. "बिघडलेत ते. मला दोन सूर चढलेले ऐकू येतात, आणि सगळा हॉल म्हणतो बरोबर आहेत. तुझे शंभर पॅन माझ्या भरवशावर लावलेस तर दोघांची अब्रू जाईल."

मग कार्लाइल म्हणाला, "असं होय. तुझेपण गेले," आणि त्यानं फोन ठेवला. रागानं ठेवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पाल्मिरा बँड म्हणजे मुळात केसेनिश पंचक. लग्नं, अग्निशमन दलाचे वार्षिक नाच, नेमबाजांचे मेळावे यांत वॉल्ट्झ वाजवणारी पाच गुणी पोरं. मग कोलोनच्या एका निर्मात्याच्या डोक्यात आलं, की लोकांना पावसाचा वैताग आलाय, त्यांना समुद्र विका. त्यानं पोरांना गवताच्या टोप्या घातल्या. समुद्र त्यांतल्या कुणी पाहिला असेल तर तो उत्तरेकडचा, तोही थंडीत. त्याच सुमाराला दौऱ्यावर आलेला त्रिनिदादचा एक वाद्यवृंद बॉनमध्ये मोडला, व्यवस्थापक पळून गेला, आणि चोवीस वर्षांची लिस्ट्रा बाजारपेठेच्या रस्त्यावर पॅन वाजवत उभी राहिली. निर्मात्यानं तिला पाहिलं आणि तिथेच ऑर्टविनला म्हणाला, "हिला घे. कुणीही गेलं तरी हिला सोडू नकोस."

त्या वसंतात 'नारळाखाली मारिका' निघालं. गाण्यात अर्थ औषधालाही नव्हता, पण मध्ये लिस्ट्राचा पॅनचा तुकडा होता आणि तो ऐकला की घरातली आजीसुद्धा खुर्चीतून उठायची. शनिवारच्या रात्री दूरदर्शनवर, उन्हाळ्यात मालोर्काच्या किनाऱ्यावर, जिथे तिथे मारिका. दुसरी तबकडी बरी चालली, तिसरी चाललीच नाही. मग फर्निचरच्या दुकानांची उद्घाटनं, गाड्यांची प्रदर्शनं, गावोगावचे बिअरचे तंबू. देश दुभागणारी भिंत पडल्यावर पूर्वेकडच्या लोकांनी त्यांना नव्यानं डोक्यावर घेतलं, तेही दोनचार वर्षं. शेवटी उरला तो कार्निव्हल. कोलोनच्या आसपास एका संध्याकाळी तीनचार बैठका, प्रत्येक ठिकाणी चार गाणी, गळ्यात बिल्ला, गालावर मुके, पुन्हा बस. जगात कुठेही नसेल इतका समुद्र या लोकांनी सिमेंटच्या सभागृहांत ओतला.

बाहेर तुताऱ्या वाजल्या. आत जायची वेळ झाली.

मंचावर अध्यक्षीणबाई आणि त्यांचं अकराजणींचं मंडळ पिसांच्या टोप्या घालून लांब टेबलामागे बसलेलं होतं. ऑर्टविननं हात वर केले, बायका किंचाळल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं. लिस्ट्रा वाजवत होती. ते दोन सूर आले की तिच्या दातांतून कळ जायची. ती समोरच्या मधमाश्यांच्या तोंडाकडे बघायची. एकीच्याही कपाळावर आठी नव्हती. गेलेच आपले कान, ती मनाशी म्हणाली. कार्लाइलला खोटं नाही सांगितलं.

तिसरं गाणं मारिका. पॅनच्या तुकड्याला सुरुवात झाली आणि तिच्या उजव्या हाताला पेटका आला. हल्ली थंडीत यायचा. बोटं आपोआप उघडली, काठी सुटली आणि घरंगळत मंडळाच्या टेबलाखाली गेली. हे यापूर्वी कधी झालं नव्हतं. ती घाबरून वाकली, अध्यक्षीणबाईंच्या बुटांमधून हात घालून काठी शोधू लागली.

पातेलं वाजतच राहिलं.

टेबलाखाली वाकलेल्या अवस्थेत तिनं ते ऐकलं. स्वच्छ, भरधाव, एकही सूर न चुकता. क्षणभर तिला वाटलं, आपल्यामागे कुणी दुसरं येऊन उभं राहिलंय. ती काठी घेऊन उठली. पातेल्याजवळ कुणी नव्हतं. तिनं हातातल्या दोन्ही काठ्या पत्र्यावर आडव्या ठेवल्या आणि हात खाली सोडून नुसती उभी राहिली. सूर हॉलभर उसळत होते. बायका बाकांवर उड्या मारत होत्या. एकीनंही तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं नाही.

मग तिसरा फेरा आला आणि त्या फेऱ्यात एक सूर शेजारच्या खळग्यात घसरला.

ती घसरण तिनं ओळखली. स्टुडिओत, चोवीस वर्षांची असताना, तिच्याच हातून झालेली ती चूक होती. पुन्हा वाजवू द्या म्हणून ती तेव्हा निर्मात्यापुढे गयावया करत होती आणि तो म्हणाला होता, "पोरी, लोक पिऊन ऐकणार आहेत." मंचावर ती चूक तिनं आयुष्यात एकदाही केली नव्हती. आणि आता सगळ्या मधमाश्या, परिचारिका आणि चाचे झालेल्या बायका ती घसरण जशीच्या तशी गात होत्या. कारण त्यांनी दुसरं काही कधी ऐकलंच नव्हतं.

ऑर्टविननं मागे वळून पाहिलं. तिचे लोंबणारे हात पाहिले. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे कावरेबावरे झाले. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

गाणी संपल्यावर अध्यक्षीणबाईंनी त्यांच्यासाठी खास मानवंदना मागितली. सगळ्या हॉलनं आधी टेबलं बडवली, मग शिट्ट्या घातल्या, मग आरोळी ठोकली. गळ्यात बिल्ला अडकवून, दोन्ही गालांचे मुके घेऊन बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "काय वाजवता हो तुम्ही! अंगावर काटा आला माझ्या."

"आभारी आहे," लिस्ट्रा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती बसकडे गेली नाही. हॉलच्या मागच्या बाजूला वेंडेलीन तारा गुंडाळत होता, तिथे जाऊन उभी राहिली.

"माझा माइक कधीपासून बंद आहे?"

वेंडेलीनच्या हातातली तार थांबली. "असं काय विचारतेस?"

"विचारतेय ते सांग."

"पूर्वेकडच्या दौऱ्यापासून. तुला ताप होता बघ, हॅलेजवळच्या त्या गावात. हात थरथरत होते. ऑर्टविन म्हणाला, आजच्यापुरतं तबकडीवरचं लाव." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मग दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं. तंबूत माइक शिट्ट्या मारायचा, टेपवर भानगड नाही. लिस्ट्रा, मला वाटलं तुला माहीत आहे. आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं."

"मला कसं माहीत असणार? माझ्या नाकाखाली पत्रा वाजतोय. मला तोच ऐकू येणार ना?"

"हो," वेंडेलीन म्हणाला. "तेही खरंच."

आईची माती तिच्या डोळ्यांपुढे आली. पूर्वेकडच्या दौऱ्यानंतर चार वर्षांनी आई गेली होती.

बस फ्रेखेनच्या दिशेनं निघाली. बाकीचे चौघे मागे जाऊन झोपल्याचं सोंग करून पडले. ऑर्टविन तिच्या शेजारी येऊन बसला. टोपी त्यानं मांडीवर घेतली होती आणि तिचं गवत एकेक काडीनं उपटत होता.

"एकदा सांगणार होतो मी," तो म्हणाला.

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"तेरावं म्हणजे काय?"

"आमच्या शेजारी राहायचे ते हिंदू लोक घालतात. मेल्यावर." तिच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. "ऑर्टविन, तू म्हणालास, जिवंत तेवढं माझं पातेलं. माझ्या हातांना हात लावून म्हणालास."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला? माझी आई मेली होती. मला घरी जाऊन बरं वाटलं असतं. टेप वाजलीच असती की. माझ्यावाचून काय अडलं होतं तुमचं?"

ऑर्टविननं खिडकीबाहेर पाहिलं. बीटाची ओली शेतं मागे जात होती. तो वाईट माणूस नव्हता. पण गेली कित्येक वर्षं तोही दमला होता, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून जे निघू नये ते निघतं.

"तू नसतीस तर मंचावर काय राहिलं असतं, लिस्ट्रा? पाच गोरे म्हातारे, गवताच्या टोप्या घातलेले. लोकांनी बाटल्या फेकून मारल्या असत्या. तू उभी असलीस की लोकांना खरं वाटतं."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले. इतकी वर्षं लिस्ट्रा समजत होती की आपल्या हातांना इथे किंमत आहे. किंमत होती ती तिच्या कातडीला. तिला फार लागलं ते. इतकं, की त्या क्षणी उतरून त्या बीटाच्या शेतात बसावंसं वाटलं.

बराच वेळ गेल्यावर तिला दुसरीच एक गोष्ट सुचली आणि ती ताठ बसली.

"म्हणजे ते दोन सूर..."

"कुठले दोन सूर?"

"चढलेत म्हणून सांगत होते ते. तू म्हणायचास, हॉलमध्ये बरोबर येतात."

"येतात ना. टेपवरचे..." ऑर्टविन मध्येच थांबला.

"मग माझे कान बरे आहेत," लिस्ट्रा म्हणाली. "काही झालेलं नाही माझ्या कानांना. मी ऐकत होते तेच खरं होतं."

तिला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडूही. ऑर्टविननं खिशातून रुमाल काढून पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"मी उद्या जातेय," ती म्हणाली. "घरी."

"उद्या? अगं मोसम निम्म्यावर आलाय! सोमवारच्या मिरवणुकीत आपली गाडी आहे. लोक काय म्हणतील?"

"गुत्त्यांच्या दारांवर ते गवताचं बुजगावणं टांगतात ना, कार्निव्हलची सगळी पापं त्याच्या माथी मारून शेवटच्या दिवशी जाळतात ते? त्याला माझा झगा घाल आणि उभं कर. वाजवायचं तर नाहीच आहे त्याला."

ऑर्टविन सवयीनं हसला. मग त्याचं हसू विरलं.

उरलेल्या दोन बैठका तिनं केल्या. शब्द दिलेला होता. काठ्या हवेतच हलवत राहिली, पत्र्याला एकदाही टेकवल्या नाहीत. दोन्ही हॉलमधल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

बेलमाँटमधलं तालमीचं अंगण दुपारी रिकामं असतं. पोरं नोकऱ्यांवर गेलेली, तालीम दिवेलागणीनंतर. पत्र्याच्या छपराखाली पॅनच्या रांगा लागलेल्या, आणि एका कोपऱ्यात कार्लाइल बुटक्या स्टुलावर बसलेला. त्यानं तिला मिठी मारली नाही. तिचं पातेलं घेतलं, मांडीवर ठेवलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हा पत्रा माणसानं वापरलाय की बैलानं?"

"बसनं."

त्यानं कडेचे मोठे खळगे वाजवले, जे त्याला अजून ऐकू येत होते. "शी! हेही गेलेत. आणि यावर तू वाजवत होतीस? लोकांसमोर?"

"लोकांना ऐकू जात नव्हतं."

"सगळे बहिरे आहेत तिकडे?"

"नंतर सांगते," ती म्हणाली. "मोठं रामायण आहे."

मग त्यानं गल्लीतल्या वाद्यवृंदाचा एक पॅन पुढे ओढला आणि हातोडीच्या दांड्यानं एक मधला सूर वाजवला. "हा?"

"बरोबर."

"हा?"

"किंचित खाली आहे."

"आणि हा?"

"हा मुद्दाम बिघडवलायस तू. माझी परीक्षा घेतोयस."

कार्लाइलच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "तू म्हणालीस कान गेले. मग मी खात्री नको करू?"

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. ऑर्टविन होता. मागे तुताऱ्यांचा गोंगाट ऐकू येत होता.

"सगळं नीट झालं," तो ओरडून सांगत होता. "कुणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त एका बाईनं विचारलं, ती काळी कुठे गेली? मी म्हटलं, कार्निव्हलसाठी घरी गेलीय. तर ती म्हणते, तिकडेपण असतो का?"

लिस्ट्रानं फोन कानापासून जरा लांब धरला.

"लिस्ट्रा? पातेलं काल फार सुंदर वाजलं."

"वाजणारच," ती म्हणाली. "चोवीस वर्षांची पोर आहे ती. तिला दमायला होत नाही. ठेवते."

"कोण होतं?" कार्लाइलनं विचारलं.

"कामावरचं माणूस."

"परत जाणार आहेस?"

तिनं फोन पिशवीत टाकला आणि एक रिकामा डबा ओढून त्याच्या शेजारी बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. पाठ दुखत होती. प्रवासानं डोळ्यांची आग होत होती. पण कितीतरी वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बघत होतं, ते तिला काय ऐकू येतंय हे विचारायला.

"तू वाजव आधी," ती म्हणाली.

कार्लाइलनं काठी सगळ्यात आतल्या, सगळ्यात छोट्या खळग्यावर टेकवली. त्याला त्याचा नुसता ठोका ऐकू येत होता. त्यानं वाजवलं आणि लहान पोरासारखं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरोबर आहे?"

सूर अंगणात फिरून विरेपर्यंत लिस्ट्रा ऐकत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "चढलाय."

कार्लाइलनं हातोडी उचलली.